दुश्मन आला की ढोलच का वाजतो?

होस्टेलवर रात्री बारानंतर लॅपटॉपमध्ये डोकं खुपसून बसलेल्या पोराबद्दल तीनच अंदाज बांधले जातात. एक, त्याचं सबमिशन राहिलंय. दोन, तो पिक्चर बघतोय. आणि तिसरा अंदाज कॉलेजच्या मासिकात छापण्यासारखा नाही! मी यातलं काहीच करत नसतो. मी चाल बांधत असतो. हे खरं सांगितलं की समोरचा आधी माझ्याकडे बघतो, मग लॅपटॉपकडे बघतो आणि विचारतो, "मग पेटी कुठंय?"

पेटी नाही, तबला नाही. एक जुना लॅपटॉप आहे, फुकटात मिळणारं एक सॉफ्टवेअर आहे आणि एक हेडफोन आहे, ज्याची डावी बाजू वायर एका विशिष्ट कोनात वाकवून धरली तरच बोलते. एवढ्या सामानावर मी गेमसाठी संगीत करतो. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "पैसे किती मिळतात?" आजवर मिळालेली एकूण रक्कम शून्य रुपये. "म्हणजे टाइमपासच की!" असं म्हणून मित्र चहाला निघून जातो.

मित्रांनो, हा लेख मी त्या ‘टाइमपास’ शब्दावर चिडून लिहायला घेतला होता. पण लिहिता लिहिता चिडण्यासारखी दुसरीच गोष्ट सापडली, आणि तिच्यात मी स्वतःच आरोपी निघालो. ती शेवटाकडे सांगतो. आधी हा उद्योग नेमका काय असतो ते सांगायला हवं.

माझा दिवस तुमच्यासारखाच जातो. लेक्चर, प्रॅक्टिकल, जर्नल, मेसची डाळ. संगीताला वेळ मिळतो तो रात्री, रूममधले बाकीचे झोपल्यावर. लॅपटॉप चार जीबी रॅमचा. सॉफ्टवेअरमध्ये बफर ५१२ सॅम्पलचा ठेवला तर आवाज फाटतो. २०४८ चा ठेवला तर कळ दाबल्यावर सूर सुमारे ४६ मिलिसेकंद उशिरा येतो. ४६ मिलिसेकंद म्हणजे काय, असं वाटेल. पण आपण टाळी वाजवावी आणि टाळीचा आवाज जरा वेळाने यावा, असं दहा मिनिटं चाललं तर माणूस वेडा होईल. म्हणून मी वाजवत नाही, एकेक सूर माऊसने मांडत जातो. शेतात रोप लावावं तसं. दोन तासांत वीस सेकंदांचं संगीत झालं तर तो दिवस चांगला म्हणायचा.

त्यात गेमचं संगीत म्हणजे गाण्यापेक्षा वेगळं प्रकरण. गाणं चार मिनिटांत संपतं. गेममध्ये खेळणारा एकाच ठिकाणी चार मिनिटं थांबेल की चाळीस, हे संगीतकाराला माहीत नसतं. त्यामुळे चाल गोल फिरती लागते. शेवट कुठे झाला आणि पुन्हा सुरुवात कुठे झाली हे कळता कामा नये, आणि पन्नासाव्या फेरीलाही ती डोक्यात जाता कामा नये. माझी पहिली चाल दर ३२ सेकंदांनी उचकी लागल्यासारखी अडखळायची. दोन रात्री मी सूर तपासत बसलो. दोष सुरांत नव्हताच! एम.पी.३ फाईल बनवताना तिच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता आपोआप चिकटते. गाण्यात ते जाणवत नाही, गोल फिरणाऱ्या चालीत उघडं पडतं. ओ.जी.जी. फाईल दिली आणि उचकी थांबली. हे पुस्तकात वाचलं असतं तर विसरलो असतो. दोन रात्री घालवल्या म्हणून जन्मभर लक्षात राहील.

आणि यात इंजिनिअरिंग नाही असं कोण म्हणतं? आपल्या मोठ्या भावांच्या काळात टीव्हीला जोडायचे ते कार्ट्रिजवाले व्हिडिओ गेम आठवतात का? मारिओ, काँट्रा... ती बहुतेक यंत्रं म्हणजे जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या यंत्राच्या नकला होत्या. त्या यंत्रात आवाजासाठी फक्त पाच चॅनेल होते. दोन पल्स वेव्हचे, एक ट्रँगल वेव्हचा, एक नॉईजचा आणि एक छोट्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांचा. पल्सचा ड्युटी सायकल १२.५ टक्के ठेवला की आवाज सुईसारखा टोकदार, ५० टक्के ठेवला की भरीव आणि पोकळ. ५५५ टायमरच्या प्रॅक्टिकलला आपण सीआरओवर जो ड्युटी सायकल मोजतो आणि व्हायवाला विसरतो, तोच हा! गोळीबाराचा आणि ढोलाचा आवाज काढणारा नॉईज चॅनेल म्हणजे १५ बिटांचा शिफ्ट रजिस्टर. एक्सॉर गेटमधून फीडबॅक दिला की ३२,७६७ पायऱ्यांनंतर तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. पी.एन. सिक्वेन्स जनरेटरचं प्रॅक्टिकल ज्यांनी जर्नलमध्ये कॉपी केलं, त्यांनी काँट्राचा स्फोट कॉपी केला असं समजायला हरकत नाही. याच यंत्रावर कोजी कोंडो यांनी १९८५ मध्ये सुपर मारिओचं संगीत बांधलं आणि अजूनही लोक ते गुणगुणतात. साधनं कमी म्हणून काम अडलं, ही सबब त्यानंतर मला तरी देता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं जपानचं झालं, आपला काय संबंध? मीही तेच समजत होतो. इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणजे परदेशातलं, फार तर मुंबई-पुण्यातलं. माझा हा गैरसमज मामेभावाने दूर केला.

आमचं घर नवापूर तालुक्यात. घरी मावची, शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि कॉलेजात आल्यावर इंग्रजी. आमच्याकडे लग्नसराईत टेम्पोवर बँड येतो. त्यात स्पीकरची भिंत, पॅड आणि मधोमध कीबोर्ड. माझा मामेभाऊ, त्याला मी दादा म्हणतो, असाच एका बँडमध्ये कीबोर्ड वाजवतो. पावसाळ्यात शेतात भात लावतो, लग्नसराईत रात्रभर टिमलीच्या चाली वाजवतो. त्याच्या डाव्या हाताचा अंगठा कायम पिच बेंडच्या चाकावर असतो. आमच्या गाण्यातले सूर कीबोर्डच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत नीट बसत नाहीत, दोन पट्ट्यांच्या फटीत कुठेतरी असतात. ते तो अंगठ्याने काढतो. मिडी नावाच्या पद्धतीत, जी १९८३ पासून सगळी वाद्यं आणि कॉम्प्युटर वापरतात, त्या चाकाला १६,३८४ पायऱ्या असतात. दादाला हा आकडा मी सांगितला तेव्हा तो म्हणाला, "असतील. मला तीन-चारच लागतात. पण त्या नेमक्या लागतात."

एका वाक्यात त्याने मला जे शिकवलं ते शंभर व्हिडिओ बघून कळलं नव्हतं.

आणि मुंबईचंच म्हणाल तर चरणजीत सिंग हे नाव लक्षात ठेवा. हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारा हा माणूस. १९८२ मध्ये मुंबईत त्याने रोलँड कंपनीची तीन नवी यंत्रं जोडली, एक सिंथेसायझर, एक तालयंत्र आणि एक बेसचं यंत्र, आणि डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग बांधून रेकॉर्ड काढली. ती तेव्हा फारशी कुणी विकत घेतली नाही. पुढे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या शिकागोच्या पोरांनी त्याच बेसच्या यंत्रावर जे संगीत काढलं, त्याने जग नाचलं. २०१० मध्ये नेदरलँड्समधून ती जुनी भारतीय रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा लोक थक्क झाले, की हे तर आधीच मुंबईत झालं होतं! २०१५ मध्ये चरणजीत सिंग वारले. नवीन यंत्र हातात आलं आणि त्यात आपलं काय बसतं हे त्यांनी बघितलं, एवढीच त्यांची गोष्ट. दादाची पण तीच आहे. फक्त दादाच्या टेम्पोपर्यंत अजून नेदरलँड्सचं कुणी पोचलेलं नाही.

असो. आता मी आरोपी कसा झालो ते सांगतो.

अठ्ठेचाळीस तासांत एक गेम बनवायच्या स्पर्धा असतात. जानेवारीत अशाच एका स्पर्धेत मी भाग घेतला. आमची चौघांची टीम, एकमेकांना कधी प्रत्यक्ष भेटलेलो नाही. कोड लिहिणारा पुण्याचा, चित्रं काढणारी नागपूरची. गेम होता जंगलातला. वाट चुकलेला एक मुलगा घर शोधत जातो, अशी गोष्ट. पहिल्या रात्री मेसेज आला, "शत्रू दिसले की काहीतरी ट्रायबल टाईप ड्रम्स दे."

मी काय केलं? इंटरनेटवरून आवाजांचा एक संच उतरवला, त्यात ‘ट्रायबल’ नावाचं फोल्डर होतं, त्यातला एक ड्रम उचलला, ताल बांधला आणि पहाटे चारला पाठवून दिला. तो ड्रम कुठल्या देशातला, कुणी वाजवलेला, काही लिहिलेलं नव्हतं. टीमला आवडला. मला पण आवडला, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी रूमवर गेम चालू करून दाखवला. माझा रूमपार्टनर धडगावकडचा, पावरा. त्याने शांतपणे खेळून बघितला. झाडीतून शत्रू निघाले, ढोल सुरू झाला. तो थांबला आणि म्हणाला, "भो, ढोल वाजला की आमच्याकडे लोकं घरातून बाहेर येतात, नाचायला. तुझ्या गेममध्ये ढोल वाजला की पळायचं का?"

तो रागावून बोलला नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी स्वतः आदिवासी घरातला. दादाच्या टेम्पोमागे नाचत मोठा झालेला. आणि पहिल्यांदा जंगल, ढोल आणि शत्रू हे तीन शब्द एकत्र आले तेव्हा मला काहीच खटकलं नाही! कारण लहानपणापासून पिक्चरमध्ये, कार्टूनमध्ये, गेममध्ये मी हेच ऐकत आलो होतो. नायकाला व्हायोलिन, झाडीतल्या माणसाला ढोल.

कुणी म्हणेल, अरे गेमच तर आहे, एवढा विचार कोण करतो? पण कोणी विचार करत नाही हीच तर अडचण आहे. १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्स या गेममध्ये फक्त चार खर्जातले सूर आहेत, एकापाठोपाठ एक. शत्रू जवळ येऊ लागले की त्यांची गती वाढते आणि खेळणाऱ्याची छाती धडधडू लागते. त्याचं लक्ष गोळ्या मारण्याकडे असतं, संगीत ऐकतोय हे त्याला कळतही नाही. ज्या गोष्टीकडे आपलं लक्ष नसतं तिच्यावर आपण वाद घालत नाही, सरळ विश्वास ठेवतो. म्हणून एखादा आवाज भीतीचा की घराचा, हे ठरवणाऱ्या माणसाने, मग तो फुकट काम करणारा होस्टेलचा पोरगा का असेना, आपण टाइमपास करतोय असं म्हणून सुटता येत नाही.

मार्चमध्ये होळीला मी पार्टनरबरोबर त्याच्या गावी गेलो. एस.टी. सातपुड्याचा घाट चढू लागली तशी मोबाइलची रेंज गेली, हे बरंच झालं. काठीच्या राजवाडी होळीला आता कॅमेरेवाल्यांची गर्दी होते. हे गाव तसं नव्हतं. पार्टनरने आधीच बजावलं होतं, "होळीच्या रात्री मोबाइल खिशात ठेव. आधी बघ. मग विचार." त्या रात्री मी काहीच रेकॉर्ड केलं नाही. पहाटेपर्यंत नाचलो आणि मोठे ढोल छातीत ऐकले.

दुसऱ्या दिवशी पार्टनरच्या मोठ्या काकांना विचारलं. त्यांना मराठी कळतं, पण बोलणं पावरीतून, मधे पार्टनर. त्यांनी विचारलं, "हा आवाज डब्यात भरून कुठे नेणार?" मी सगळं सांगितलं, जानेवारीची चूक धरून. ते हसले. मग म्हणाले, "ने. पण कुणाला मारायच्या वेळी लावू नको. आणि कुणाचा आहे ते लिही." अंगणात चौघांनी ढोल, बासरी आणि घुंगरू वाजवले. ढोल इतका मोठा की मोबाइलचा माईक फाटत होता. शेवटी मोबाइल गोधडीत गुंडाळून वीस पावलं लांब ठेवला तेव्हा जमलं. ऐकवल्यावर काकांनी तक्रार केली, "यात तर एकच ढोल वाजतोय!" बरोबर होतं त्यांचं. एका माईकमध्ये चार माणसं एकाच जागी उभी राहतात.

होस्टेलवर येऊन तो ताल सॉफ्टवेअरमध्ये बसवायला गेलो, बसेना. सॉफ्टवेअरला एकच गती लागते. मिनिटाला १२० म्हणजे १२०. इथे ढोल १०४ ला सुरू होऊन चार मिनिटांत ११८ वर पोचला होता. वाजवणारे घड्याळाकडे नाही, नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघत होते. पाय तापले की ताल तापला. मी आधी ते रेकॉर्डिंग कापून-ताणून १२० च्या चौकटीत कोंबलं. आवाज तोच राहिला, जीव गेला. मग उलटं केलं. रेकॉर्डिंगला हात लावला नाही, सॉफ्टवेअरची गतीच ठोक्याठोक्याला ढोलाप्रमाणे बदलत नेली. तीन रात्री लागल्या. पण यंत्राने माणसाच्या मागे चालायचं असतं, हे त्या तीन रात्रींत कळलं. टीमला सगळी हकीकत लिहून पाठवली. कुणी वाद घातला नाही. आता त्या गेममध्ये शत्रू आले की नुसती शांतता होते आणि पानांचा आवाज येतो. ते जास्त भीतीदायक आहे, बरं का! ढोल वाजतो तो शेवटी, मुलाला आपलं गाव दिसतं तेव्हा. आणि श्रेयनामावलीत माझ्या आधी चार नावं आणि गावाचं नाव आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. ‘राजी’ हा २०२० मध्ये आलेला गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीने बनवला, विषय आपल्या पुराणांचा, आणि संगीत ग्रीसच्या लिनोस त्झेलोस या संगीतकाराचं. त्याने मन लावून काम केलंय, माझी तक्रार त्याच्याबद्दल नाही. प्रश्न असा आहे की ग्रीसच्या माणसाला आपले आवाज शिकावेसे वाटतात आणि आपण नंदुरबार जिल्ह्यात राहून ते कधी नीट ऐकत नाही. आता तर एक ओळ टाईप केली की पूर्ण गाणं तयार करून देणारी सॉफ्टवेअर आली आहेत. मी ‘ट्रायबल ढोल’ लिहून बघितलं. जानेवारीत मी केलं होतं तसंच काहीतरी त्याने वीस सेकंदांत करून दिलं. वाईट नव्हतं, कुणाचंच नव्हतं. जे आवाज कुणी नावानिशी, गावानिशी जपून ठेवलेले नाहीत ते यंत्राला कुठून माहीत असणार?

काही सर म्हणतात, कॉम्प्युटरमुळे लोकसंगीत बिघडतं. सर, माफ करा, पण दादाच्या अंगठ्याकडे एकदा बघा. वाद्याने बिघडत नाही. न विचारता उचलल्याने आणि नाव पुसल्याने बिघडतं.

म्हणून दोन विनंत्या. पहिली आपल्या शिक्षकांना. इलेक्ट्रॉनिक्स लॅबमधला एक कॉम्प्युटर आणि दोन बरे हेडफोन शनिवारी संध्याकाळी तासभर आम्हाला द्या. सॉफ्टवेअर फुकट आहे, विजेचं बिल फार येणार नाही, आणि ड्युटी सायकल म्हणजे काय हे व्हायवाला सगळे सांगतील याची हमी मी घेतो.

दुसरी होस्टेलच्या मित्रांना. सुट्टीला घरी जाल तेव्हा एक आवाज आणा. विचारून आणा. वाजवणाऱ्याचं नाव, गाव, तारीख वहीत लिहून आणा. सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोड्यांच्या टापा चालतील, आजीचं जातं चालेल, तापीकाठची पहाट चालेल. मी नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर रेकॉर्डिंग करायला गेलो होतो. सोळा मिनिटांत चौदा मिनिटं माझाच खोकला आहे, पण तोही ठेवलाय. एखाद्या गेममध्ये दुश्मन लागलाच तर त्याला तो खोकला देईन. त्याचा मालक मीच आहे, परवानगीचा प्रश्न नाही.

आणि रात्री दोनला माझ्या पांघरुणातून उजेड दिसला तर ‘टाइमपास चाललाय’ असं म्हणू नका. पाच मिनिटं बसा, हेडफोन लावा. डावी बाजू मी धरून ठेवतो. बघा पटतंय का!